पुस्तकातलं शंभर, बीडचं अठ्ठ्याण्णव

मुलांनो, आज आधी एक प्रश्न. पाणी किती तापमानाला उकळतं?

दिलंत उत्तर? वाटलंच होतं! आमच्या सातवीच्या वर्गातही असंच झालं. प्रश्न पुरता संपायच्या आत सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "शंभर अंश सेल्सिअस!" मागच्या बाकावरचे दोघे एरवी हजेरीलाही धड 'हजर' म्हणत नाहीत, तेसुद्धा ओरडले. मग मी विचारलं, "बरोबर. पण तुमच्यापैकी मोजलंय कुणी?"

सगळे गप्प. एकानं हळूच सांगितलं, "सर, पुस्तकात दिलंय ना. मग कशाला मोजायचं?"

म्हटलं, चला, मोजूनच बघू.

आमची शाळा बीडपासून थोड्याच अंतरावर आहे, जिल्हा परिषदेची. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात दोन तापमाप्या निघाल्या, तिसरी शेजारच्या गावातल्या हायस्कुलातून मागून आणली. वर्गाचे तीन गट केले. प्रत्येक गटाला एक चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, तिवई, तारेची जाळी आणि एक तापमापी. स्टँड एकच होता, म्हणून दोन गटांनी खिडकीच्या गजाला दोरा बांधून तापमापी टांगली. (जुगाड म्हणा हवं तर! पण तापमापी हातात धरून ठेवण्यापेक्षा हे बरं. हात हलतो, वाफेनं पोळतो, आणि मग घाईघाईनं काहीतरी आकडा लिहिला जातो.)

पाणी उकळलं. बुडबुडे खदखदायला लागले. गट पहिला: साडेअठ्ठ्याण्णव. गट तिसरा: नव्व्याण्णव. आणि गट दुसरा: शंभर!

दुसऱ्या गटाचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आपलंच उत्तर बरोबर! मी त्यांची वही हातात घेतली. 'शंभर' तर छान वळणदार अक्षरात होतं, पण त्याच्याखाली कागद जरा चुरगळलेला, खरवडलेला. वही उजेडाकडे तिरपी धरली तर खोडरबरानं पुसलेला जुना आकडा दिसला. सत्त्याण्णव.

"हे काय गं?"

गटप्रमुख मुलगी हुशार आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, "सर, सत्त्याण्णवच आलं होतं. पण पुस्तकात शंभर आहे, म्हणून मला वाटलं आमचंच चुकलं. मग दुरुस्त केलं."

मुलांनो, तिला हसू नका हं. तुमच्यापैकी कितीजणांच्या वहीत असं 'दुरुस्त' केलेलं आहे, ते तुमचं तुम्हाला ठाऊक! मोठ्या वर्गांत तर निरीक्षणाचा तक्ता प्रयोगाच्या आधीच भरलेला असतो, मागच्या वर्षीच्या दादाच्या वहीवरून. प्रयोग फक्त शास्त्रापुरता.

मी तिला एवढंच सांगितलं की पुसलेला आकडा पुन्हा लिही, पेननं लिही. शंभरही राहू दे, त्यावर एक आडवी रेघ मार. आपल्याला दोन्ही लागणार आहेत.

मग सुरू झाली खरी गंमत. शंभर का येईना? प्रत्येकाकडे कारण तयार.

"सर, जाळ कमी पडला असंल. चुलीवर ठेवू या!" ठेवलं. शाळेच्या खिचडीच्या चुलीवर भगुल्यात पाणी ठेवलं, खाली भरपूर जाळ घातला. पाणी जोरजोरात उसळलं, वाफ दुप्पट झाली, भगुलं अर्धं रिकामं झालं. पण तापमापी जिथं होती तिथंच. एकदा पाणी नीट उकळायला लागलं की जादा जाळानं ते जास्त तापत नाही, फक्त लवकर आटतं. तुमच्या घरी भाजीला उकळी आल्यावर गॅस मोठाच ठेवत असतील, तर हे आईला सांगून बघा.

"सर, आपलं बोअरचं पाणी जड आहे, त्याच्यामुळं!" हे कारण मात्र मला आवडलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे थर चढतात, तेव्हा शंका रास्त आहे. मग जारचं गोड पाणी आणून तेही उकळलं. आकडा तोच. हिशेबही सांगतो. पाण्यात मीठ विरघळलं की ते थोडं जास्त तापमानाला उकळतं, हे खरं. पण एक लिटर पाण्याचा उत्कलनांक एका अंशानं वाढवायचा तर जवळजवळ साठ ग्रॅम मीठ टाकावं लागतं. समुद्राच्या पाण्यातसुद्धा लिटरमागं साधारण पस्तीस ग्रॅमच क्षार असतात. आपलं बोअरचं पाणी कितीही जड असलं तरी समुद्राहून खारट नाही! शिवाय क्षारांमुळे आकडा वाढायला हवा, आपला तर कमी आला होता. म्हणजे हे कारण उलट्याच बाजूला जातं.

शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, थर्मामीटरच चुकीचं असलं तर?"

वा! याच प्रश्नाची मी वाट बघत होतो.

मोजायच्या आधी, ज्यानं मोजायचं ते मोजून घ्यावं लागतं. बाजारात काट्यावर भाजी ठेवण्याआधी तुमची आजी काटा मोकळा असताना शून्यावर आहे का ते बघते ना, तसंच. तापमापीचं शून्य बघायचं ते वितळत्या बर्फात. दुसऱ्या दिवशी गावातल्या थंडपेयाच्या गाड्यावरून बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून कुटला, तीन पेल्यांत भरला. त्यात थोडंसं गार पाणी घातलं, म्हणजे बर्फाचे तुकडे तापमापीच्या फुग्याला सगळीकडून नीट लागतात. ढवळत पाच मिनिटं थांबलो. वितळतं बर्फ शून्य अंशावर असतं. ते मुंबईत असो, बीडात असो, फारसा फरक पडत नाही.

पहिल्या गटाची तापमापी बरोबर शून्यावर. तिसऱ्या गटाची अर्धा अंश वर. आणि दुसऱ्या गटाची? शून्याच्याही एक अंश खाली!

आता फळ्यावर हिशेब मांडला. पहिला गट साडेअठ्ठ्याण्णव, बदल नाही. तिसऱ्याची तापमापी अर्धा अंश जास्त दाखवते, म्हणून नव्व्याण्णवातून अर्धा वजा. तेही साडेअठ्ठ्याण्णव. दुसऱ्याची एक अंश कमी दाखवते, म्हणून सत्त्याण्णवात एक मिळवला. अठ्ठ्याण्णव. तिघांचे आकडे बघता बघता एकमेकांशेजारी येऊन बसले!

आणि ते 'दुरुस्त' केलेलं शंभर? त्यात एक मिळवला असता तर एकशे एक झालं असतं. पुसलेल्या सत्त्याण्णवात तापमापीची चूक लपलेली होती आणि ती शोधून काढता आली. लिहिलेल्या शंभरात काहीच नव्हतं, कारण ते मोजलेलंच नव्हतं. हे ऐकल्यावर त्या मुलीनं 'शंभर'वर आणखी एक रेघ मारली, जरा जोरातच.

(मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी: तापमापी शून्याजवळ जेवढी चुकते तेवढीच शंभराजवळ चुकेल याची खात्री नसते. नळीचा बराच भाग पाण्याबाहेर राहिला तरी आकडा थोडा कमी दिसतो. तेव्हा आमचा हिशेब जवळचा आहे, पक्का नव्हे.)

इथं अजून एक गंमत झाली. एकानं मोबाइलवर तिघांची सरासरी काढली आणि वहीत लिहिलं, ९८.३३३३३३३. मी विचारलं, "या तापमापीवर किती किती अंशांच्या रेघा आहेत?" एकेका अंशाच्या. म्हणजे अर्धा अंशसुद्धा आपण नजरेनं अंदाजे घेतलेला. मग अंशाचा कोट्यवधीवा भाग कुठून दिसला? यंत्राला भागाकार दिला की ते आकडे ओकत राहतं, त्याला काय! आपण लिहायचं, 'अठ्ठ्याण्णव ते साडेअठ्ठ्याण्णवच्या दरम्यान'. माझ्या मते हे उत्तर त्या सात तिनांपेक्षा जास्त अचूक आहे, कारण आपल्याला किती ठाऊक आहे तेवढंच ते सांगतं.

बरं, तापमापीचा दोष काढून टाकला तरी शंभर आलं नाहीच. "सर, मग कामून येत नाही शंभर?"

कारण आपण बीडला राहतो! बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंचीवर आहे. आपल्या डोक्यावर हवेचा उंचच उंच थर असतो आणि हवेलाही वजन असतं. ते वजन पाण्याच्या पृष्ठभागावर दाबून बसलेलं असतं. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या आत तयार झालेले वाफेचे बुडबुडे तो दाब सोसून टिकतात, वर येतात, फुटतात. जितकं उंच जावं तितका वरचा हवेचा थर कमी, दाब कमी, आणि बुडबुड्यांचं काम सोपं. मग पाणी कमी तापमानालाच उकळतं. ढोबळ मानानं दर तीनशे मीटर चढलं की एक अंश कमी. आता ५१५ ला ३०० नं भागा बघू. पावणेदोनच्या जवळ आलं ना? शंभरातून वजा करा. सव्वाअठ्ठ्याण्णवच्या आसपास! आमच्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या तापमाप्यांनी बरोबर तेच सांगितलं होतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी शंभराला उकळेल. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. तिथं चहा ठेवला तर साडेचौऱ्याण्णवच्या सुमारास उकळी येईल. लडाखमधलं लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर सत्तर-बाहत्तरलाच! तिथं पाणी खदखदताना दिसेल, पण डाळ काही शिजायची नाही. कुकरमध्ये बरोबर उलटं होतं. झाकण घट्ट बसवून आपण दाब वाढवतो, म्हणून पाणी शंभराच्या वर तापतं आणि डाळ पटकन मऊ होते.

म्हणजे पुस्तक खोटं बोलतं का? नाही. पुस्तक सांगतं ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचं. ती अट बऱ्याचदा बारीक अक्षरात असते आणि पाठ करताना आपण नेमकी तीच गाळतो. १७४२ मध्ये स्वीडनच्या आंद्रेस सेल्सिअसनं हे शंभर भागांचं माप सुचवलं. (गंमत म्हणजे त्यानं उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर म्हटलं होतं! ते नंतर उलटं केलं गेलं.) हवेचा दाब बदलला की उत्कलनांक बदलतो, हे त्यानं स्वतः मोजून त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. तेव्हा सेल्सिअससाहेब आमच्या वर्गात आले असते, तर त्यांनी शंभरवाल्या वहीला नव्हे, अठ्ठ्याण्णववाल्या वहीला शाबासकी दिली असती.

उकळत्या पाण्याचा हा गुण उलट वापरला तर काय होईल, याचा विचार करा. उंची ठाऊक असली तर उत्कलनांक काढता येतो. मग उत्कलनांक मोजला तर उंची काढता येईल की नाही? येईल! आणि माणसांनी ती काढलीही आहे.

उत्तराखंडच्या डोंगरात मिलम नावाचं गाव आहे. तिथले नैनसिंह रावत आमच्यासारखेच शाळामास्तर होते, म्हणून त्यांना 'पंडित' म्हणत. त्या काळी तिबेटचा नकाशा नव्हता आणि बाहेरच्या माणसाला मोजमाप करायला तिथं मज्जाव होता. डेहराडूनच्या सर्वेक्षण खात्यानं नैनसिंहांना शिकवून तयार केलं. १८६५ मध्ये ते वेष पालटून निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. हातात जपमाळ. पण नेहमीच्या १०८ मण्यांची नव्हे, शंभर मण्यांची! दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. लोकांना वाटे जप चाललाय, आणि चाललेली असे रस्त्याची मोजणी. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. चालायच्या काठीत लपवलेली तापमापी. मुक्कामाला चहाचं पाणी उकळायला ठेवलं की ते गुपचूप तापमान बघून घेत, आणि त्यावरून पुढं त्या जागेची उंची काढली जाई. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता सांगा, नैनसिंहांनी 'पुस्तकात शंभर आहे' म्हणून प्रत्येक मुक्कामाला शंभर लिहिलं असतं तर? सगळं तिबेट समुद्राच्या पातळीला आलं असतं!

हे ऐकल्यावर आमच्या वर्गाला आता मांजरसुंब्याच्या घाटावर जाऊन पाणी उकळायचंय. घाट चढून बालाघाटच्या पठारावर गेलं की बीडपेक्षा कमी आकडा यायला हवा. पण एकेका अंशाच्या रेघा असलेल्या आमच्या तापमापीला तेवढा फरक दिसेल का? वर्गात यावरून दोन तट पडले आहेत. एकच तापमापी, एकाच दिवशी, खाली आणि वर, तीन-तीन वेळा वापरायची, एवढं मात्र एकमतानं ठरलंय.

हे सगळं तुम्ही घरी करणार असाल तर मोठं माणूस जवळ हवं, ही पहिली अट. तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्यापेक्षा तापलेला असतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आणि डोळा अगदी पाऱ्याच्या टोकाच्या रेषेत आणायचा. उभं राहून वरून वाकून बघितलं तर आकडा जास्त दिसतो, खालून बघितलं तर कमी. खोटं वाटत असेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा समोरून आणि एकदा अगदी कोपऱ्यातून बघा. काटा जागचा हललेला नसताना मिनिट बदललेलं दिसेल. ताप मोजायचा घरातला थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका हं, तो फुटेल. पाऱ्याची तापमापी फुटलीच तर पाऱ्याला हात लावायचा नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं.

आता कुणी म्हणेल, सर, एक-दोन अंशांनी काय बिघडतं? चहा तर होतोच ना!

चहा होतो. पण पावसाचं तसं नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही कधी दडी मारतो, कधी एका रात्रीत कोसळतो. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील. २०२५ च्या सप्टेंबरातला पूर तर तुम्ही स्वतःच बघितलाय. सिंदफणेचं पाणी शेतांत शिरलं, सोयाबीन, कापूस पाण्याखाली गेले. त्या दिवसांत घरात, पारावर, एसटीत एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, पासष्ट! चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असं सरकार धरतं, आणि मदतीचा विचार त्यावरून होतो. म्हणजे नोंदवहीत त्रेसष्ट लिहिले की सहासष्ट, याला केवढं महत्त्व आलं बघा. तीन मिलिमीटर म्हणजे पट्टीवरच्या तीन बारक्या रेघा.

आता मंडळांच्या ठिकाणी पाऊस आपोआप मोजणारी यंत्रं असतात. काहींमध्ये इवलीशी बादली असते, ठरावीक पाणी भरलं की ती उलटते, आणि यंत्र उलटण्याचे आकडे मोजतं. पण यंत्राच्या गळणीत पान अडकलं, कोळ्यानं जाळं केलं, तर तेही चुकतं. कुणीतरी जाऊन बघावंच लागतं.

आम्ही शाळेत बाटलीचं पर्जन्यमापक केलंय. तुम्हीही करा. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून तोच गळणीसारखा बसवा. बाटलीचा बूड खडबडीत असतो, म्हणून बाहेरून पट्टी लावून पाण्याची उंची मोजली तर घोळ होतो. त्यापेक्षा पाणी ओतून मोजा. गळणीच्या तोंडाचा व्यास बरोबर ८ सेंटिमीटर असेल, तर एक मिलिमीटर पावसाचं पाणी जवळजवळ ५ मिलिलिटर भरतं. (कसं ते वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र वापरून तुम्हीच काढा.) खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ मिलिलिटरची खूण असते, थोड्या पावसाला तेवढं टोपण पुरतं. पाऊस जास्त असला तर मोजपात्र घ्या. पाणी मोजपात्रात कडेला वर चढलेलं दिसतं, मध्ये खोलगट. वाचायचं ते मधल्या खोलगट भागाच्या तळाशी, आणि डोळा पुन्हा त्याच रेषेत.

पण सगळ्यांत जास्त घोळ कुठं होतो, सांगू? तो व्यास मोजताना. कंपासपेटीतल्या पट्टीवर शून्याची रेघ बऱ्याचदा कडेपासून थोडी आत असते, आणि मुलं मोजतात कडेपासून. समजा तोंड खरं तर ८.४ सेंटिमीटरचं आहे आणि तुम्ही ८ धरलं. फक्त चार मिलिमीटरचा फरक! पण मग एकोणसाठ मिलिमीटर पाऊस तुमच्या वहीत पासष्ट होतो. बसून गुणाकार करून बघा. आमच्या वर्गाला हे पटेना, शेवटी फळ्यावर करून दाखवलं तेव्हा कुठं शांतता झाली. (आपल्या बाटलीच्या आकड्यावर सरकारी मदत मिळत नाही, हेही त्यांना तेव्हाच सांगून टाकलं!)

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी प्रयोग करून आली की आपण विचारतो, "उत्तर बरोबर आलं का?" त्याऐवजी, "कसं मोजलंस? किती वेळा मोजलंस?" असं विचारून बघा. आणि वहीत खाडाखोड दिसली म्हणून रागावू नका. रेघ मारलेला पण वाचता येणारा आकडा मला तरी कोऱ्या करकरीत तक्त्यापेक्षा आवडतो. परीक्षेत मात्र उत्कलनांक विचारला तर 'समुद्रसपाटीच्या दाबाला १०० अंश' असं लिहायचं, बरं का, नाहीतर माझ्या नावानं बोंब व्हायची.

आमच्या शाळेच्या आवारात गेल्या पावसाळ्यात तीन बाटल्या होत्या. एक मोकळ्या मैदानात, एक लिंबाच्या झाडाखाली, एक भिंतीलगत. रोज सकाळी साडेआठला मोजणी. हवामान खात्याचीही वेळ हीच आहे. एके दिवशी मैदानातली बाटली तेवीस सांगत होती, भिंतीजवळची अठरा, आणि लिंबाखालची फक्त चौदा. पाऊस एकच, गाव एकच! झाडानं पानांवर पाऊस अडवला, भिंतीनं वाऱ्याबरोबरचा तिरपा पाऊस अडवला. म्हणून पर्जन्यमापक झाड, भिंत यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवतात. बाटल्या हलवायच्या का, असं मुलांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, फक्त कोणता आकडा कुठल्या बाटलीचा ते लिहीत जा.

ती नोंदवही अजून वर्गात खिळ्याला टांगलेली आहे. त्यात एका पानावर, आकड्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच गटप्रमुख मुलीच्या अक्षरात लिहिलंय: 'रात्री पाऊस झाला. किती ते माहीत नाही. मैदानातली बाटली शेळीनं पाडली.'